लय गरीब हाय

जयराजनं बायकोचा फोन बंद केला आणि स्वतःच्या खिशात टाकला. आत अंकिता पाहुण्यांसाठी पुऱ्या तळत होती. फोन जतहून तिच्या भावाचा, शंभूराजचा होता. आण्णा, तिचे वडील, पहाटे गेले. ताईला घेऊन या, दुपारपर्यंत थांबतो, एवढंच त्याला रडत रडत बोलता आलं होतं.

"आता सांगायचं न्हाई," जयराजची आई राहीबाई म्हणाली. "साक्षीची सुपारी फुटू दे. मेलेलं माणूस काय पळून जातंय?"

साक्षी जयराजची धाकटी बहीण. दोनदा जमलेलं तिचं मोडलं होतं. जयराज अंगणात गेला, आपल्या फोनवरून शंभूराजला म्हणाला, अंकिताला ताप भरलाय, उठवत नाही तिला. थांबू नका, उरकून घ्या.

पाहुणे आले, पानं मांडली. मुलाचे चुलते बाळासो यांचं हैदराबादेत सोनं गाळायचं दुकान, निम्मी हयात तिकडंच गेलेली. भात वाढणाऱ्या अंकिताला ते म्हणाले,

"सूनबाई, तुमी फारशी शिकलाय म्हणं?"

"कशाचं काय!" राहीबाई मध्येच बोलली. "चार माणसांत तोंड उघडत न्हाई ती. लय गरीब हाय."

सगळे हसले. अंकिताही हसली. मग हातातलं पातेलं खाली टेकवून म्हणाली, "काका, हाच शब्द घ्या की. गरीब. मूळ अरबी. तिकडं त्याचा पैशाशी संबंध नाही. गरीब म्हणजे परका, लांबून आलेला. सूर्य मावळतो त्या दिशेचं नावही त्याच धातूतलं. फारशीत गेला, तर घरापासून तुटलेला, एकटा असा झाला. तुर्कीत गरिप म्हणतात. विचित्र, नाहीतर ज्याला कुणी नाही तो."

"आन आपल्याकडं?"

"आपल्याकडं पोचेस्तोवर त्याच्या खिशातलंही गेलं."

बाळासोंनी खूश होऊन मांडीवर थाप मारली. लग्नाला चार वर्षं झाली, पण या घरात अंकिताला असं बोलताना जयराजनं कधी ऐकलं नव्हतं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"म्हंजे आमी खरंच म्हणतोय की," राहीबाई म्हणाली. "परक्याचीच हाय ती."

पुन्हा हशा झाला. त्यात जयराजही हसला.

सुपारी फुटली. साखरपुड्याची तारीख धरून पाहुणे गेले, तेव्हा त्यानं अंकिताला सांगितलं. जतहून आत्ताच फोन आला, म्हणाला. ती नेसल्या साडीनिशी गाडीत बसली. वाटेत रडली नाही. "जरा जोरात घ्या," तेवढं मधूनमधून म्हणत राहिली. "माझ्याशिवाय नाही उचलायचे. थांबतील."

घरासमोर अंघोळ करून आलेली माणसं ओल्या केसांनी बसली होती. शंभूराज उठून पुढं आला.

"ताई, ताप उतरला व्हय? दाजी म्हणालं, तुला उठवत न्हाई, उरकून घ्या. तरी दुपार टळंपतूर आण्णांचं तोंड उघडं ठेवलं हुतं."

अंकितानं जयराजकडं पाहिलं. तो गाडीच्या किल्लीवरून अंगठा फिरवत होता.

"व्हय," ती भावाला म्हणाली. "उतरला."

ती आत गेली. जयराज बाहेर माणसांत बसून राहिला. त्याच्याशी कुणी वाईट बोललं नाही. दिवस बुडाला, तसा तो उठून दारात गेला. आत बायकांच्या घोळक्यात अंकिता पाठमोरी होती, आईचं डोकं तिच्या मांडीवर.

"निघतो मी," तो म्हणाला. "चार दिसांनी न्यायला येतो."

उंबऱ्याजवळच्या एका म्हातारीनं हात हलवला. "आवं पाव्हणं, मयताच्या घरातनं जाताना येतो म्हणू ने."

"बरोबर हाय," अंकिता मागं न बघता म्हणाली. "म्हणू नका."