गिधाडाच्या पानाची मागची बाजू

बाइंडिंगची खळ अशी करावी: मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवावा, उतरवताना चिमूटभर मोरचूद घालावा. कागदाला कसर लागत नाही. पुढेमागे पान सोडवायचं झालंच तर ओल्या हातानं सुटतं.

"दादा, एक मोठा पक्षी पाहिजे. रागीट दिसणारा. जुना, ओरिजिनल. हॉलची भिंत रिकामी वाटते." खालापूरच्या एका फार्महाउसची सजावट बघणाऱ्या मनोजचा सलमानला मेसेज.

गोळी लागून पक्षी पडल्याबरोबर त्याच्या चोचीत कापूस कोंबावा, म्हणजे रक्तानं पिसं खराब होत नाहीत. दीडशे वर्षांपूर्वीचे साहेब आपल्या शिकाऱ्यांना असं शिकवत. मग कातडं पेटीतून विलायतेला जाई, आणि ज्यानं तो पक्षी उडताना कधी पाहिला नाही असा चित्रकार त्याचं चित्र काढी.

शिळफाट्यावरच्या दुकानाची पाटी: बाइंडिंग, फ्रेम. लग्नाचे फोटो तासाभरात.

"गिधाड नाय रं यात."

हे शेवटचं बोलणं कशेळ्याच्या गौराबाईंचं. सलमानच्या दुकानात, नव्यानं बांधलेलं पुस्तक काउंटरवर उघडून त्या उभ्या होत्या. कुणा साहेबानं छापलेलं पक्ष्यांचं पुस्तक, चित्रं हातानं रंगवलेली. माथेरानच्या एका बंगल्याची आवराआवर झाली तेव्हा त्यांच्या वडिलांना, नामा मास्तरांना, मिळालेलं. गौराबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण चित्रांचा क्रम पाठ होता. गरुडाच्या आधी गिधाड.

साहेबानं चित्रांची मागची बाजू कोरी सोडली होती. मास्तरांनी ती वाया जाऊ दिली नाही. चाळीस वर्षं, जो पक्षी दिसला त्याच्या चित्रामागे पेन्सिलीनं लिहीत गेले: कुठे दिसला, किती होते, घरटं कुठल्या झाडावर. पुढे त्या भागातली गिधाडं संपली. ती किती होती हे लिहून ठेवणारं दुसरं कोणी नव्हतं. गुरुवारी मुंबईहून एक अभ्यास करणारी मुलगी त्या मागच्या बाजूंचे फोटो काढायला येणार होती, म्हणून तर कित्येक महिने दुकानात पडलेलं पुस्तक न्यायला गौराबाई आल्या होत्या.

"पहिल्यापासूनच नसेल, मावशी," सलमान म्हणाला. "मी नुसतं शिवलं."

"व्हतं." त्यांनी पुन्हा पानं उलटली. मग हात थांबला. "का माज्याच घरी उंदरानं नेलं? सुनेला किती येळा सांगितलं, पेटीत ठेव गं. आन मी मेली तुज्यावर आले धावून. राग मानू नको, बाबा."

त्यांनी पिशवीतून कडवे वाल काढून काउंटरवर ठेवले आणि पुस्तक छातीशी धरून जीपच्या थांब्याकडे गेल्या. सलमानला ते वाल दिवसभर उचलवले नाहीत.

एकच पान कापलं होतं त्यानं, मनोजच्या त्या भिंतीसाठी. नवं पातं लावून, शिवणीपासून दोन सूत सोडून. मोर नाही, खंड्या नाही. गिधाडाकडे कोण बघतंय, असं त्याला वाटलं होतं.

बुधवारी तो फार्महाउसवर गेला. फ्रेमच्या काचेआत बुरशी धरलीय, साफ करून देतो, असं सांगितलं.

"न्या, न्या," मनोज म्हणाला. "तुमचं गिधाड बघून मॅडमच्या आईनं हॉलमध्ये जेवणं सोडलंय. सावकाश आणा."

दुकानात त्यानं काच काढली. पान प्लायला चिकटवलेलं. आधी दुकान चालवणारे अब्बा असते तर त्यांनी खळ लावली असती. सलमान गेली आठ वर्षं तयार पांढरा गोंद वापरत होता, पटकन वाळतो. त्यानं कोपरा ओला केला, थांबला, पातं सरकवलं. पंखाचा रंग पाण्यात उतरला. कागदाचा वरचा पापुद्रा हातात आला आणि मागचा तिथंच राहिला, अक्षरं लाकडाकडे तोंड करून.

गुरुवारी तो कशेळ्याला गेला. गौराबाई ओटीवर बसल्या होत्या.

"मी कापलं, मावशी. विकलं. आणि आता मागचं सुटत नाही."

त्यांनी मांडीवरचं पुस्तक बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "उंदीर मोठा निघाला."

सलमान उभाच राहिला.

"मागचं वाचलं व्हतंस?"

"नाही. मागे बघितलंच नाही."

"मंग तुला तरी काय ठावं," गौराबाई म्हणाल्या. त्यांनी पदरानं खाट झटकली, त्याला बसवलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

चहा होईतो ती मुलगी आली. अक्षदा तिचं नाव. तिनं एकेक मागची बाजू उजेडात धरून फोटो काढले. गिधाडाच्या जागी आली तेव्हा गौराबाई म्हणाल्या, "ते पान गेलं गं." कसं गेलं ते सांगितलं नाही.

"आजी, किती घरटी होती ते तुमचे बाबा कधी बोलले होते?"

"बोलायचे की. सात का नऊ... आकडा नाय आठवत. माळावरचे आंबे, येवढं खरं."

"आकडा नसेल तर मला नुसतं 'होती' एवढंच लिहिता येईल." अक्षदानं पेन धरून वाट पाहिली. गौराबाईंकडे बघितलं, मग उगाच सलमानकडेही.

सलमान कपाच्या कडेकडे बघत राहिला. चहावर साय धरली.

अक्षदानं लिहिलं: होती. आणि पान उलटून गरुडाकडे गेली.

मार्च महिन्यात, पान कापल्यावर, गोंद लावायच्या आधी, सलमाननं ती मागची बाजू वरपासून खालपर्यंत वाचली होती: माळावरचे आंबे, अकरा घरटी, सहा पिल्लं.