चंपाचं डोकं ओलं होतं

झुरिक शहर, सोळावं शतक, जानेवारीतली नदी. एका माणसाचे हात त्याच्या गुडघ्यांभोवती बांधले आहेत. आता त्याला नावेतून ढकलायचं आहे. काठावर उभी असलेली माणसं देव न मानणारी नाहीत. रोज बायबल वाचणारी आहेत.

बोम्मसंद्रा. कारखान्यात तपासणीचं टेबल. सुटा भाग मापाच्या गेजमध्ये बसला तर हिरव्या ट्रेमध्ये, अडला तर लाल.

चामराजपेट. लाकडाच्या वखारीमागचा हॉल. व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली सिमेंटचा हौद.

एका बाईच्या गळ्यात रुपयाएवढं भोक. वर पांढरी जाळी. श्वास तिथूनच आत जातो, तिथूनच बाहेर येतो.

स्टीलची वाटी. धुऊन ओट्यावर पालथी घातलेली.

यातली वाटी देवाप्पाने आधी पाहिली. कारखान्यातली पहिली पाळी संपवून, दोन बस बदलून तो घरी आला होता. दिवसा त्यांच्या घरात वाटी कोण कशाला काढेल? मग त्याला खुर्ची दिसली. पलंगाजवळ ओढलेली. मग चंपा, त्याची बायको. ती डोळे मिटून पडली होती आणि तिचे केस ओले होते. उशीही कानाशी ओली.

देवाप्पा तसाच खाली उतरला. पानपट्टीवाल्या शिवकुमारला त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "वर कोण आलतं काय रे?"

"तुमचे पाळक आलते की अण्णा. ते चष्मेवाले. तासभर झाला बघा जाऊन."

"किती वेळ होते?"

"मी काय वॉचमन हाय काय? होते स्वल्प वेळ."

देवाप्पा वर आला. चंपाने डोळे उघडले होते. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढल्यापासून तिचे नुसते ओठ हलत. ती लांबलचक काहीतरी सांगू लागली. देवाप्पाला त्यातलं निम्मंही कळत नसे, आणि हे त्याने तिला कधी कळू दिलं नव्हतं.

"सरी, सरी," सगळं कळल्यासारखं तो म्हणाला. ती मधेच थांबली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

*

देवाप्पा मूळचा निपाणीकडचा, कामासाठी या कानडी शहरात आलेला. चामराजपेटच्या मराठी बॅप्टिस्ट मंडळीत तो डीकन, म्हणजे निवडलेला सेवक होता. कारखान्यात कुणी विचारलं, तुमच्यात आणि बाकी ख्रिस्ती लोकांत फरक काय, तर त्याला बोलायला हुरूप येई. "आमच्यात बिशप नसतो. सगळ्यांनी हात वर करायचे आन् ठरवायचं. आन् तान्ह्या पोरावर पाणी शिंपडत न्हाई आम्ही. माणसानं कळत्या वयात, स्वतःच्या तोंडानं व्हय म्हणायचं आन् पाण्यात पुरतं बुडायचं."

चंपा दुसऱ्या मंडळीतून आलेली. तान्ही असताना तिच्या बापाने तिला हातांवर धरलं होतं आणि पाळकाने कपाळावर पाणी घातलं होतं. आवाज होता तेव्हा ती म्हणायची, "मला एकदा पाणी लागलंय. आता परत घेतलं तर ते खोटं होतं म्हणायचं? बापाला खोटं पाडू?" यावर देवाप्पाने तिच्यावर कधी जोर केला नाही. विश्वासाच्या बाबतीत दुसऱ्याच्या मनावर हात टाकायचा नाही, हेही त्यांच्यातच शिकवलेलं.

पण नियम म्हणजे नियम: पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतल्याशिवाय भाकर नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट रांगांतून फिरवायचं काम देवाप्पाचं. चंपासमोर आलं की तो ते तिच्या मांडीवरून पलीकडच्या बाईला देई. सगळं तारुण्य असंच गेलं.

आता आजारातून उठल्यावर तिने पाळकाला खुणेने सांगितलं होतं: मलाही भाकर हवी. आणि आता ती बाप्तिस्म्याच्या हौदात उतरू शकत नव्हती. गळ्यापर्यंत पाणी आलं तर थेट फुप्फुसात गेलं असतं.

शुभंकर पाळक पुण्याहून आलेला तरुण माणूस. त्याने हा प्रश्न मंडळीच्या सभेपुढे ठेवला: चंपाअक्कांचा पहिला बाप्तिस्मा मानून त्यांना प्रभुभोजनाच्या मेजावर घ्यावं काय?

तेव्हापासून देवाप्पा त्याच्यावर नजर ठेवून होता. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, धर्मसुधारणेच्या दिवशी, शुभंकरने झुरिकच्या नदीची गोष्ट सांगितली होती. मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला म्हणून माणसं बुडवली, आणि बुडवणारे पोपचे लोक नव्हते, पोपविरुद्ध उठलेले सुधारकच होते. तेव्हा देवाप्पाने मोठ्याने आमेन म्हटलं होतं. ती माणसं आपली. आपण त्या पाण्यातले. मग हाच पाळक आता मागच्या दाराने शिंपडणं कसं आणतो?

वाटी. खुर्ची. ओले केस. भाग गेजमध्ये बरोब्बर बसत होता.

वरच्या मजल्यावर हेमावती राहायची, तीही मंडळीतलीच. तिला विचारता आलं असतं. पण ती सारखी पाळकाचं कौतुक करायची. देवाप्पाने तिलाही विचारलं नाही.

*

सभेला चंपाही आली होती, पण तिथे बसायचा हक्क सभासदांनाच. ती बाहेर पायरीवर बसली. दार उघडं होतं.

शुभंकर प्रार्थना करून बसतो न बसतो तोच देवाप्पा उभा राहिला.

"हात वर करायच्या आधी मला एक विचारायचं हाय. पाळकसाहेब, तुम्ही गुरुवारी माझ्या घरी आलता. मी नसताना."

"हो, आलो होतो."

"वाटीत पाणी घेतलं?"

शुभंकरने चष्मा काढला. "घेतलं."

"बघा! बघा मंडळी! माझ्या बायकोच्या डोक्यावर चोरून पाणी घातलं ह्यांनी. केस ओले होते तिचे. मी ह्या डोळ्यांनी बघितलं."

"अय्यो देवा!" मागून हेमावती ओरडली. "डोकं मी धुतलं हो अण्णा! पाळक येऊन गेल्यावर. शुक्रवारी दवाखान्यात न्यायचं होतं ना तिला? गळ्याला टॉवेल बांधून, सांभाळून धुतलं. तुम्हाला सांगत न्हवती का ती?"

कुणीतरी खुसखुसलं. देवाप्पा उभाच राहिला. "मग वाटी?"

"वाटीचं खरं आहे," शुभंकर म्हणाला. "मला वाटलं, निदान एवढं पाणी पुन्हा घेतलं तर तुम्ही लोक मानाल. मी चुकलो. अक्कांनी घेतलं नाही. वर मला वाटी धुवायला लावली."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. चंपा पायरीवरून उठून उंबऱ्यापाशी आली होती. तिने पाळकाकडे बोट केलं, डोक्यावर वाटी कलंडल्यासारखा हात केला, आणि तो हात दुसऱ्या हाताने बाजूला सारला. मग एक बोट वर धरलं. एकदा. तिचे ओठही हलले, आणि तेवढा शब्द देवाप्पाला लांबूनही कळला.

"अक्कांना खोटेपणाने आत यायचं असतं तर त्या गुरुवारीच आल्या असत्या," शुभंकर म्हणाला. "देवाप्पा, नदीकाठच्या त्या लोकांनाही वाटत होतं, आपण वचन पाळतोय."

"मला नदी नका सांगू. पुस्तकात काय लिहिलंय ते सांगा. आधी विश्वास, मग पाणी."

"अक्कांचा विश्वास दिसत नाही तुम्हाला?"

आयुष्यात पहिल्यांदा देवाप्पाला स्वतःचा संशय आला. आपण वचनाला धरून आहोत, की इतकी वर्षं तिच्या मांडीवरून नेलेल्या त्या ताटाला? आज ती आत आली, तर ती सगळी वर्षं काय होती मग?

"ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा."

हेमावतीचा हात झटकन वर गेला. मागच्या बाकावरचे काही गेले. पुढच्या रांगेतली वडीलधारी माणसं देवाप्पाकडे बघत राहिली. तो काय करतो त्यावर ती ठरवणार होती.

देवाप्पाचा हात खालीच राहिला.

ठराव पडला. चंपा पुन्हा पायरीवर जाऊन बसली होती. घरी जाताना रिक्षात तिने पदराने गळ्यावरची जाळी झाकून घेतली, कारण रस्त्यावर धूळ होती.

*

पहिला रविवार. देवाप्पाने ताट उचललं. रांगेमागून रांग. चंपाच्या रांगेशी आल्यावर तो थांबला. तिने हात पुढे केला नाही, मान खाली घातली नाही. त्याच्याकडे बघत राहिली. त्याने ताट तिच्या मांडीवरून हेमावतीला दिलं.

शेवटी डीकनांनी घ्यायचं असतं. शुभंकरने ताट त्याच्यापुढे धरलं.

"नको."

"अण्णा, घ्या."

"पुढं जाऊ दे म्हणतो ना," देवाप्पा हळूच म्हणाला.

तो डीकनांच्या बाकावर गेला नाही. चंपाच्या रांगेत आला, हेमावतीला जरा सरकायला सांगितलं आणि दोघींच्या मधे बसला. लोक भाकर तोंडात ठेवून डोळे मिटून होते. ही दोघं रिकाम्या हातांनी, डोळे उघडे ठेवून, समोर बघत होती.

लग्न झालं त्या वर्षापासून आजारी पडेपर्यंत त्या ताटातली भाकर चंपा घरी भाजत असे.