'ओ'पर्यंतचे शब्द

शनिवार, १८ नोव्हेंबर २००६, सकाळी आठ वाजून पन्नास मिनिटे. बाराशेंपैकी सातशे चाळीस शब्द पाठ. लंडनजवळच्या इल्फर्डमधल्या परीक्षाकेंद्राच्या फाटकापाशी दीनानाथांनी नातीच्या कोटाचे वरचे बटण लावले.

"आजोबा, 'आर'चे वर्ड्स आले तर?" दहा वर्षांच्या तनूने विचारले.

"येतात ते आधी लिही. बाकीच्यांची चिंता नंतर."

ती आत गेली. निवडक मुलांनाच घेणाऱ्या ग्रामर स्कूलमधली तिची जागा या एका सकाळवर ठरणार होती.

दीनानाथ तंत्रनिकेतनात शिकलेले. उभी हयात बॉयलरच्या कारखान्यात गेलेली. एक जोड तपासून झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. मुलाकडे राहायला आल्यावर तनूच्या शब्दसंग्रहाची तयारी त्यांनी आपणहून अंगावर घेतली आणि अवघड इंग्रजी शब्दांच्या जाडजूड पुस्तकालाही तोच शिरस्ता लावला. 'ए'पासून आरंभ. व्याख्या मुखोद्गत. एक शब्द चुकला, की त्या अक्षराची उजळणी पहिल्यापासून. ऑक्टोबरात 'झेड' गाठायचे ठरले होते. उजळण्यांनी ते वेळापत्रक गिळून टाकले आणि गाडी 'ओ'पाशीच अडली.

"बाबा, पेपरात शब्द काही एबीसीच्या रांगेत येत नाहीत हो," सून निवेदिता उन्हाळ्यातच म्हणाली होती. "थोडे मधले, थोडे शेवटचे घ्या ना."

"पाया कच्चा ठेवून स्लॅब टाकू म्हणतेस?"

"तुमचा पाया पक्का होईस्तोवर परीक्षा होऊन जाईल!"

ते नुसते हसले होते. शनिवारची लायब्ररीही त्यांनीच बंद केली. तनू तिथून गोष्टींची पुस्तके पिशवी फाटेस्तोवर आणायची. "प्लीज आजोबा, फक्त ते एक गोष्ट," ती अजिजीने म्हणाली होती. "परीक्षा झाल्यावर हव्या तितक्या," असे सांगून ती पुस्तके ते स्वतः परत करून आले होते.

परीक्षा सुटली. तनू धावतच बाहेर आली.

"आजोबा, 'रिलक्टंट' आला होता! मला आला!"

"तो कसा आला? आपण तिथवर पोचलोच नव्हतो."

"लास्ट इयर मांजराच्या बुकमध्ये होता. मांजर बाथ घ्यायला रिलक्टंट असतो. नको-नको करतो, पण जातो." तिने मान आखडून, पाय ओढत मांजराची चाल करून दाखवली.

दीनानाथांना हसू आले आणि लगेच विरले. "आणि बाकीचे?"

"'एस' आणि 'टी'चे खूप होते. ते नाही आले. ते आपले राहिलेच ना?"

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तेच त्यांना लागले. इतक्या व्याख्या त्यांनी तिच्याकडून घोटून घेतल्या, पण एकीलाही तिचा चेहरा असा उजळल्याचे त्यांना आठवेना.

"चल, लायब्ररीत जाऊ. उघडी असेल अजून."

"आत्ता? नको, आजोबा. आय ॲम टायर्ड." ती बसस्टॉपकडे चालू लागली. तिचे दप्तर सांभाळत ते मागून गेले.

फेब्रुवारीत निकालाचे पाकीट आले. निवेदिताने ते वाचून सासऱ्यांच्या हाती दिले. ती रागावून दोन शब्द बोलली असती तर बरे झाले असते, असे त्यांना वाटले. त्यांनी चष्मा पुसून कागद उजेडात धरला. प्रवेशासाठी २३१ गुण हवे होते. तनूला २२८ मिळाले होते.