दर एकविसाव्या दिवशी बंद

त्या गोदामात पूर्वी टायर ठेवत. रबराचा वास भिंतींतून अजून गेला नव्हता, आणि त्या वासात आम्ही साठ-सत्तर बाया मांडीवर पोरं घेऊन सतरंजीवर बसलो होतो. कुणाचं पोर लंगडत आलेलं, कुणाचं कडेवर, एक थोराड मुलगी तर बापाने पाठुंगळी आणलेली. दाराशी पाटी होती: ‘वेदना हाताने काढून मिळेल. दर एकविसाव्या दिवशी बंद. त्या दिवशी हात भरून घेतला जातो.’

“भरून घेतला जातो म्हणजे?” मी थोरल्या जाऊबाईंना विचारलं.

“म्हणजे मोबाइल नाही का आपण चार्जिंगला लावत? तसं. आता इथे तरी प्रश्नपत्रिका काढू नकोस.”

माझी मुलगी आठ वर्षांची. पंधरा दिवसांपूर्वी तिचा घसा दुखला आणि आपोआप थांबला. कुणी मनावर घेतलं नाही. मग ताप आला आणि उजवा गुडघा सुजून तांबडा झाला, इतका, की चादर लागली तरी ती किंचाळायची. माझ्याकडे एक वही आहे. तिचा ताप, जेवण, औषधं, झोप, सगळं मी तारीखवार लिहिते. जाऊबाई तिला ‘तुझं पंचांग’ म्हणतात. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्ताची आणि हृदयाची तपासणी लिहून दिली होती. दुखत होता गुडघा, आणि हे म्हणे हृदय तपासा! ती चिठ्ठी वहीत तशीच होती.

समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत हातवाले काका. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पंजे धोब्याच्या इस्त्रीएवढे. शेजारी स्टुलावर त्यांची सहा-सात वर्षांची नात चित्रं रंगवत बसलेली. “ही माझी पहिली केस,” काका सांगायचे. “दोन वर्षांपूर्वी अंथरुणाला खिळली होती. हात लावला. आज बघा!” नात न सांगता उठून एक गिरकी घ्यायची आणि पुन्हा रंगवायला बसायची.

आमचा नंबर आला.

“वेदना म्हणजे भाडेकरू, बाई,” काका गुडघ्यावर पंजा ठेवून म्हणाले. “भांडलात तर दार लावून बसतो. गोडीने खोली बदलायला लावायची. आज गुडघ्यातून घोट्यात, उद्या घोट्यातून कोपरात, परवा मनगटात. आणि तिथून बोटांच्या टोकांनी थेट रस्त्यावर!”

सतरंजीवर टाळ्या पडल्या.

“डॉक्टरकडे नेलं होतं?”

“हो. रक्त तपासायला सांगितलंय.”

तापल्या तव्यावरून उचलावा तसा त्यांनी हात उचलला. “सुई टोचली की वाट बुजते. मग भाडेकरू जन्मभर आत. तुम्ही तिकडेच जा ना! मी कुणाला अडवत नाही.”

साठ-सत्तर बायांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी, रसायनशास्त्राची पदवीधर, खाली मान घालून म्हणाले, “नाही टोचणार.” तेव्हा कुठे तो हात खाली आला. मुलीला स्टीलच्या पेल्यातून ‘हाताचं पाणी’ मिळालं. तिने तोंड वाकडं केलं. पेल्याच्या बुडाशी पांढरा गाळ होता. मी तो पाहिला, आणि वहीत लिहिला नाही.

दुसऱ्या दिवशी गुडघा उतरला आणि घोटा सुजला. अगदी सांगितल्याप्रमाणे! मग कोपर, मग मनगट. शेवटच्या दिवशी काकांनी तिची बोटं एकेक करून मोडली आणि वेदना दाराकडे झटकली, तर दाराजवळच्या बाया खरोखर बाजूला सरकल्या. वेदनेला जायला वाट नको? माझी मुलगी लंगडी घालत घोळक्यातून फिरली. मी हात जोडले. वहीत लिहिलं, ‘दुखणं पूर्ण गेलं’, आणि खाली दोन रेघा मारल्या.

सतरंज्या गुंडाळायला तिथे एक शिंपीणबाई रोज यायची. तिची मुलगीही इथे अशीच बरी झाली होती, अशीच लंगडी घालत फिरली होती. दोन महिन्यांनी ती पोर वारली.

“माझंच चुकलं,” सतरंजीचं टोक झटकत ती म्हणाली. “तिला दम लागायचा. आडवं झोपवेना, सारखी उशा मागायची. मी घाबरले आणि दवाखान्यात नेलं. तिथे सुई टोचली. काका म्हणाले, आता मी काय करू? वाट तुम्हीच बुजवलीत.”

हे ती रडत सांगत नव्हती. पाठ झालेला धडा म्हणावा तसं सांगत होती. आणि मी काय केलं? धडा घेतला: सुई टोचायची नाही.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिन्यात मुलगी नेहमी माझ्या पुढे. सहा आठवड्यांनी ती पहिल्याच वळणावर थांबायला लागली. “तू हो पुढे, आई. मी जरा खिडकीतून बघते.”

“काय बघतेस?”

“काही नाही. गंमत.”

त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. भिंतीला एक पाइप आहे. आठवडाभर माझी मुलगी तो पाइप बघत होती आणि मी तिला ‘चल, टंगळमंगळ पुरे’ म्हणत होते. मग एका सकाळी ती म्हणाली, “आई, आजपासून मला दोन उशा देशील?”

शिंपीणबाईची मुलगीही उशाच मागायची. तो नेमका हात भरून घेण्याचा दिवस होता. गोदाम बंद, म्हणजे ‘आधी हात लावून घे’ असं जाऊबाई म्हणणार नव्हत्या. वही काखोटीला मारली, तिला उचललं आणि मोठ्या रुग्णालयात गेले.

डॉक्टरबाईंनी तिच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि मग तीच नळी माझ्या कानात घातली. “आधी स्वतःचं ऐका. आता हिचं.”

माझं लप-डप, लप-डप चाललं होतं. तिच्या दोन ठोक्यांच्या मध्ये काहीतरी फुसफुसत होतं, सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसं.

“हृदयातली एक झडप गळतेय. आधी घसा दुखला होता?”

“हो, पण थांबला. मग सांधे दुखले. तेही बरे झाले. हाताने...”

“या आजारात सांध्यांचं दुखणं एका जागी राहत नाही. आज गुडघा, उद्या घोटा, मग कोपर. कुणी हात लावो न लावो, ते फिरतं आणि जातं.” त्यांनी माझी वही चाळली. “अगदी एका दिवसात उतार पडला? मग कुणीतरी ॲस्पिरिन दिलं असणार. त्याने दुखणं थांबतं, झडप वाचत नाही.”

पेल्याच्या बुडाशी पांढरा गाळ.

“पण झडपेला काय झालं? कसले जंतू?”

“जंतू घशातच मेले. त्यांना मारायला शरीराने जे सैन्य उभं केलं, त्याला हृदयाची झडप त्या जंतूसारखी दिसली. हिच्या हृदयावर हल्ला हिच्याच सैन्याने केलाय.” त्यांच्या मागच्या टेबलावर लहान मुलांच्या रक्ताच्या नळ्या ओळीने लावलेल्या होत्या. “मी सात वर्षं हेच शोधतेय. घसा शेकडो मुलांचा दुखतो. त्यातल्या एखाद्याचंच सैन्य घरावर का उलटतं?”

“का?”

“अजून नीट कळलेलं नाही.”

सात वर्षं अभ्यास केलेली बाई ‘कळलेलं नाही’ म्हणते, आणि गोदामातल्या माणसाला वेदनेचं पुढचं वेळापत्रक तोंडपाठ! मी कुणावर विश्वास ठेवला होता?

“सात आठवड्यांपूर्वी आणलं असतं तर?”

“बरंच वाचलं असतं,” त्या म्हणाल्या. खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. “आता दाखल करू. आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन, दर एकवीस दिवसांनी, कित्येक वर्षं. पुन्हा घसा धरला तर सैन्य पुन्हा उठेल आणि उरलेलंही खाईल. तारीख चुकवायची नाही.”

दर एकवीस दिवसांनी. तो आकडा कुठे वाचला होता, ते आठवायच्या आधीच उत्तर समोर दिसलं.

इंजेक्शनच्या खोलीबाहेर, बाकावर. डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, पण ते पंजे कुठे लपणार? मांडीवर नात. हातात वापरून मऊ पडलेलं कार्ड. परिचारिका म्हणत होती, “काका, दोन वर्षांत एकही तारीख चुकली नाही तुमची. असे पालक मिळाले तर आमचं अर्धं काम हलकं होईल.”

“जिवाची बाब आहे, सिस्टर,” काका म्हणाले.

मी खांबाआड उभी राहिले. सगळा कारभार लख्ख दिसला. दुखणं कसं फिरतं, गोळीने कसं उतरतं, हे या माणसाने याच बाकावर बसून शिकून घेतलं. जे दिसतं ते विकायला नेलं. जे वाचवतं ते नातीसाठी ठेवलं. लोकांना ब्रह्मज्ञान सांगून स्वतः कोरडे राहणारे पुष्कळ असतात. हा लोकांना अडाणीपणा सांगून स्वतः शहाणा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी मुलीजवळ नवऱ्याला बसवलं आणि गोदामात गेले. काका कुणाचा तरी घोटा धरून भाडेकरू हलवत होते. मी सरळ स्टुलाजवळ गेले. त्यांच्याशी वाद घालून हरले असते; ते पट्टीचे बोलणारे. म्हणून मी सात वर्षांच्या पोरीला गाठलं. यात थोरपणा काही नव्हता.

“बाळ, काल इंजेक्शन कुठे दिलं गं?”

“इथे.” तिने कमरेखाली बोट लावलं. “मागच्या वेळी डावीकडे होतं. आता उजवीकडे.”

काकांच्या हातातला घोटा सुटला.

“अहो, ती ताकदीची सुई!” काका उठले. “पोर आहे, तिला काय कळतं? बाई, कोणी पाठवलं तुम्हाला?”

“ताकदीची नाही,” नातीला राग आला. “पेनिसिलिन! मला म्हणता येतं. माझ्या हृदयासाठी असतं. आजोबा म्हणतात, एक चुकली तर मरशील.”

सतरंजी गुंडाळता गुंडाळता शिंपीणबाई थांबली. हळूच पुढे आली आणि स्टुलापाशी उकिडवी बसली.

“दुखतं का गं फार?”

“खूप दुखतं. पण मग आजोबा हाताने चोळून देतात.”

शिंपीणबाई काकांच्या पंजांकडे बघत राहिली. “माझीनेही सोसली असती,” ती म्हणाली. “सोशिक होती ती.”

बस, एवढंच. ओरडली नाही, कुणाला मारलं नाही. काका “मी कुणाला अडवलं नव्हतं, मी कुणाला...” म्हणत राहिले. नात रडायला लागली. आपण काय चुकीचं बोललो, ते तिला कळेना. काही आयांनी पोरं उचलली आणि त्या धावतच निघाल्या. काही मात्र बसून राहिल्या. “सकाळपासून नंबर लावलाय,” एक म्हणाली, “निदान आजचा हात तरी होऊ द्या!” जाऊबाई दारातच भेटल्या. “चारचौघांत लेकराला रडवलंस. तुझं भलं होणार नाही.”

“व्हायचं ते झालंच आहे,” मी म्हणाले. “तुमच्या पुतणीची झडप गळतेय.”

आठवड्याभरात गोदामाला कुलूप लागलं. मुलगी घरी आली. ती आता पहिल्या वळणावर थांबते आणि खिडकीचं निमित्त सांगत नाही. तिच्याबरोबर मीही थांबते. मोठी झाल्यावर झडप कदाचित बदलावी लागेल. वहीतल्या त्या दोन रेघा मी खोडलेल्या नाहीत.

एकविसाव्या दिवशी आम्ही इंजेक्शनच्या रांगेत होतो. मागे वळून पाहिलं तर काका. नातीला कडेवर घेतलेलं, नजर जमिनीवर. पळून गेलेला, तोंड काळं झालेला माणूस, पण तारीख चुकवली नव्हती. मला आनंद झाला नाही. नातीसाठी बरं वाटलं, आणि त्याच क्षणी शिंपीणबाईची मुलगी आठवली. ही तारीख तिलाही सांगता आली असती. तोंडातून एक वाक्य, बस.

म्हणून आयांनो, एवढंच करा. मुलाचा घसा दुखला, मग ताप आला आणि सांधे धरले, तर ते दुखणं कुठे फिरतंय याची मजा बघत बसू नका. छातीला नळी लावणाऱ्याकडे न्या. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर त्याच्या हाताकडे बघू नका. त्याच्या घरातलं पोर आजारी पडतं, तेव्हा तो कुठल्या रांगेत उभा राहतो, ते शोधून काढा. आणि त्याच रांगेत जाऊन उभ्या राहा.