पुसलेली जागा

रोज सकाळी साडेसहाला मोजणीदाराची बायको नवऱ्याला खिडकीपाशी खुर्चीत बसवायची आणि त्याच्या तोंडाला उन्हाचं क्रीम फासायची. डाव्या हाताची दोन बोटं सरळ धरायची, त्यांवर मुळापासून टोकापर्यंत ट्यूब पिळायची आणि तेवढं सगळं त्याच्या चेहऱ्यावर अन् मानेवर जिरवायचं. हे माप त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी दिलं होतं. बायको स्वतः शिवणकाम करणारी. मापात अर्ध्या बोटाचा फरक तिला खपत नसे.

"अगं, भिंत लिंपतेयस का?"

"भिंत परवडली. ती तोंड तरी वाकडं करत नाही."

अठ्ठावीस वर्षं हा माणूस उघड्यावर तिपाई रोवून दुर्बिणीतून जमिनीचे चढउतार मोजत आला होता. नऊ महिन्यांपूर्वी त्याच्या उजव्या डोळ्याखाली एक खरखरीत ठिपका उठला. बोट फिरवलं की पॉलिश पेपरसारखा लागायचा. "कातडी सुकलीय, दुसरं काय," म्हणून त्याने कानाडोळा केला. तिने मात्र त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. बाईंनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, वर्षानुवर्षांच्या उन्हाने कातडी बिघडलीय. हा कॅन्सर नाही, पण असाच सोडला तर त्या वाटेला लागू शकतो. त्यांनी थंडगार वायूचा फवारा मारून ठिपका गोठवला. फोड आला, खपली धरली, खपली पडली. झालं, सुटलो, असं वाटलं.

तेव्हापासून तिने जिवाचा आटापिटा केला. टोपीला मागून मानेवर पडेल असा पडदा शिवला. उकाड्याची कुरकुर कानाआड करून सगळे शर्ट लांब बाह्यांचे केले. दुपारी पुन्हा लावायला छोटी ट्यूब डब्याच्या पिशवीत ठेवली. आणि चार महिन्यांनी ठिपका परत हजर! त्याच जागी. कानांवर नाही, नाकावर नाही, मानेवर नाही. नेमका उजव्या डोळ्याखाली.

"क्रीम लावता ना?" बाईंनी विचारलं.

"लावते की ही. रोज."

"दोन बोटं?"

बाईंनी प्रश्न त्याला विचारला, पण पाहिलं तिच्याकडे. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. माप चुकवल्याचा आळ आजवर तिच्यावर एकाही गिऱ्हाइकाने घेतला नव्हता. नवरा मात्र भिंतीवरच्या त्वचारोगांच्या तक्त्यातली अक्षरं वाचत बसला होता.

बाईंनी पुन्हा गोठवलं. "तिसऱ्यांदा आला तर तुकडा काढून तपासावा लागेल," त्या म्हणाल्या. "खोलवर गेलेला निघाला तर कापायचं. आणि जागा पापणीच्या काठाला आहे. कापल्यावर डोळा पूर्वीसारखा नीट मिटेल याची खात्री मी आज देऊ शकत नाही."

घरी येताना ती औषधाच्या दुकानदाराशी भांडली. माल जुना आहे, ट्यूब उन्हात ठेवली असणार, डबा बघू, तारीख बघू. तारीख ठीक निघाली. मग तिने दुसऱ्या कंपनीची ट्यूब आणली, मग तिसऱ्या. दोनाऐवजी अडीच बोटं लावली. रात्री तो झोपला की त्याच्या डोळ्याखाली हलकेच बोट फिरवून बघायची. एका रात्री बोटाला पुन्हा ती खरखर लागली. तिला रडू आलं नाही, राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला काढताना शर्टाच्या खिशात दुर्बीण पुसायचं पिवळं फडकं सापडलं. ते कडक झालं होतं. असलं कापड धुळीने मळतं, कडक होत नाही. तिने ते नाकाला लावलं. उभ्या जन्मात कापडावरचा डाग ओळखायला ती चुकली नव्हती. रोज सकाळी तिच्या बोटांना येणारा तोच वास होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिलाई मशीनवर अर्धा शिवलेला गणवेश तसाच टाकून तिने चपला घातल्या.

नव्या रस्त्याच्या कामावर भर दुपारी सगळं पांढरं फटक दिसत होतं. लांबवर आकड्यांची उंच पट्टी धरून नवऱ्याचा जुना सोबती उभा होता. त्याच्या उंचीमुळे सगळे त्याला खांबच म्हणत. तिपाईवर दुर्बीण होती आणि दुर्बिणीवर भली मोठी छत्री. सावली यंत्राला पुरत होती. नवरा सावलीबाहेर उन्हात. त्याने टोपी मागे सारली, शर्टाच्या बाहीने उजव्या डोळ्याभोवती खसाखसा पुसलं, आणखी एकदा पुसलं, आणि मग डोळा भिंगाला लावला.

"फडकं शोधताय?" ती मागून म्हणाली.

तो दचकला. तिच्या मुठीतलं फडकं पाहून त्याचा चेहरा उतरला.

"अगं, क्रीम भिंगाला लागतं. सगळं धूसर होतं. आकडा चुकला तर रस्त्याचा उतार चुकेल, पाणी उलटं लोकांच्या घरात शिरेल."

"आणि मी काय करत होते सकाळी साडेसहाला? दुकानदाराशी भांडले, डॉक्टरीणबाईंची बोलणी खाल्ली, आणि तुम्ही ब्र काढला नाही! यंत्राला छत्री, तुम्हाला ऊन. लाज नाही वाटत?"

"यंत्र तापलं की आकडा हलतो, वहिनी," खांब लांबून ओरडला.

"तुम्ही पट्टी धरा, भाऊजी!" ती नवऱ्याकडे वळली. "एवढंच होतं, तर डावा डोळा लावायचा. त्याच्याखालचं पुसा हवं तर, पण ही जागा तरी सोडा."

त्याने नजर दूरच्या पट्टीवर नेली. दवाखान्यात तक्त्यावर नेली होती, तशीच. तिला शंका आली. तिने पुढे होऊन त्याचा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या तोंडासमोर धरली.

"किती?"

"हे काय भर रस्त्यात..."

"किती बोटं आहेत?"

त्याने मान पुढे केली, मागे घेतली. "एक," तो म्हणाला. मग घाईने, "नाही, तीन."

ती दोनच बोटं होती. रोज सकाळची, ट्यूब पिळायची.

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं. धुकं बसल्यासारखं दिसतं. तुला सांगितलं असतं तर तू मला कामावर येऊ दिलं असतंस?"

नसतं. ते तिलाही माहीत होतं, आणि म्हणूनच तिला आणखी संताप आला. एकच डोळा धड होता, आणि हा माणूस नऊ महिने त्याच्याच कडेची जागा रोज स्वतःच्या हाताने पुसून उन्हाला देत होता.

तिने छत्री दुर्बिणीवरून काढली आणि त्याच्या डोक्यावर धरली.

"अगं, यंत्र! आकडा हलेल."

"हलू दे."

तो तिच्याकडे बघत राहिला. घामाने तिचं कपाळ डबडबलं होतं. मग त्याने भिंगाला टोपण लावलं आणि हात वर करून खांबाला पट्टी खाली घ्यायला सांगितलं. अर्धी मोजणी त्याने आजवर कधी सोडली नव्हती.

"उद्या आधी डॉक्टरीणबाई," ती म्हणाली. "मग डोळ्यांचे डॉक्टर. आणि दोन्हीकडे सगळं खरं सांगायचं."

"बरं."

डब्याच्या पिशवीतली छोटी ट्यूब तिने काढली. सील तसंच होतं. ते तिने दातांनी फोडलं आणि त्याच्या उजव्या डोळ्याखाली, त्या खरखरीत जागेवर, क्रीमचा जाड थर दिला. क्रीम लागताच त्याचा हात सवयीने शर्टाच्या खिशात गेला.

फडकं तिच्या मुठीत होतं. तो रिकाम्या खिशात हात घालून तसाच उभा राहिला.