फिकं पडलेलं लाल

आमच्या ह्यांचा स्वभाव असा, की दुधावर साय आली तरी विचारतील, कोणी टाकली? त्यामुळे रंगाच्या दुकानातलं लाल फिकं दिसू लागलं, तेव्हा त्यांनी थेट माझ्या धाकट्या भावाला धरलं. दुकान दोघांचं. माल भाऊ आणतो, रंग मिसळून शेड हे बनवतात.

"तुझा भाऊ भेसळीचा माल आणतोय," जेवता जेवता म्हणाले. "लाल विटल्यासारखं दिसतंय."

"मला तर चांगलं दिसलं."

"तू कोणाची बहीण!"

मग हे प्रत्येक डब्यात लाल वाढवत गेले. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, की बैठकीची भिंत अंगावर येते. तर म्हणे, गिऱ्हाईकही त्याला सामील. ह्यांचा डावा डोळा फिरवला की मागून दुखायचा. तो थिनरचा दोष, आणि थिनर आणलं कोणी? भावाने. माझा भाऊ बिचारा ऐकून घ्यायचा. मला मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

शेड तपासताना उजवा डोळा मिटून रंगाची पट्टी बघायची त्यांची जुनी सवय. एका दुपारी तशीच पट्टी धरली आणि माझ्यावर ओरडले, "दिवा का घालवलास?"

दिवा चालू होता. त्याच संध्याकाळी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं.

बाईंनी टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेला, परत आणला. थेंब घालून आत पाहिलं. "आत सगळं स्वच्छ दिसतंय."

"बघ!" हे मला म्हणाले. "दोष मालातच आहे."

"दोष डोळ्यामागच्या नसेत आहे," बाई म्हणाल्या. "ती सुजलीय. मागे सुजली की पुढून दिसत नाही. पण डाव्या डोळ्यावर उजेड आला की बाहुली लहान व्हायला हवी, ती उलट मोठी होतेय." त्यांनी औषधाच्या बाटलीचं लाल झाकण एकेका डोळ्यासमोर धरलं.

"झाकण बदललंत," हे लगेच म्हणाले.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. झाकण ह्यांच्याच हातात दिलं. ह्यांनी एक डोळा झाकला. मग दुसरा. पुन्हा पहिला. झाकण त्यांच्याच बोटांत होतं. हळूच म्हणाले, "डाव्याला मातकट दिसतंय."

"कशाने झालं हो हे?" मी विचारलं.

"शरीराचे पहारेकरी घरच्याच नसेला चोर समजून बडवतायत."

"पहारेकरी कोणाचे ते कळतंय!" मी म्हणाले आणि मलाच रडू फुटलं.

बाईंनी स्टेरॉइडचं सलाईन लगेच सुरू करायला सांगितलं. ह्यांनी बाटलीवरचं नाव मला दोनदा वाचायला लावलं, पण हात पुढे केला. डोक्याचा एमआरआय झाला, रक्त तपासायला गेलं. काही दिवसांत डाव्या डोळ्याला अक्षरं दिसू लागली. मी देवाचे नाही, बाईंचे पाय धरायला निघाले होते. तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला. दुखणं पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या जातीचं निघालं. पहारेकऱ्यांना आवरायच्या गोळ्या कितीतरी दिवस घ्यायच्या, आणि रोज सकाळी एकेक डोळा झाकून बघायचं. जरा फरक वाटला तर थांबायचं नाही, लगेच बाईंकडे यायचं.

आता संशय माझ्या वाट्याला आलाय. हे खिडकीशी उभे राहतात, मी पडद्याआडून बघते. चहा कपात पडतो की बशीत, तेही बघते. माझा भाऊ म्हणतो, "ताई, तू भाऊजींच्या वरताण झालीस."

आज सकाळी ह्यांनी डावा झाकला, सोडला. उजवा झाकला आणि झाकूनच राहिले. नंतर डोळे चोळले.

"काय?" मी विचारलं.

"ठीक आहे."

फार पटकन म्हणाले. मी बाईंना फोन लावला. वाटलं, आता हे चिडणार, पुरावा मागणार. फोन ठेवून वळले, तर हे शर्ट चढवून दाराशी उभे होते, उजवा डोळा हाताने झाकून उंबरठा पायाने चाचपत.