ऊब नावाचा नॉब

बारा वर्षांपूर्वी मी ताईच्या नवऱ्याला, म्हणजे भावोजींना, एक नॉब बसवून दिला. त्या नॉबला मागे एकही वायर नव्हती.

भावोजी नाटकांना आवाज देतात. वारा, वादळ, लांबून जाणारी आगगाडी, घाबरलेल्या माणसाची छाती, सगळं एका जुन्या सिंथेसायझरमधून. त्यात आधी भरून ठेवलेला आवाज एकही नाही. आत सर्किटं नुसती गुणगुणत असतात आणि भावोजी नॉब फिरवत फिरवत त्या गुणगुणण्याचं वादळ करतात. असली मशीनं दुरुस्त करणारा आसपास आता मी एकटाच उरलोय. टायरच्या दुकानावर माझी खोली आहे. खाली ते दिवसभर हवा भरतात, वर मी सोल्डरचा धूर खातो.

तेव्हा भावोजींनी माझं डोकं खाऊन खाऊन भुगा केला होता. "मेव्हण्या, आवाज कोरडा वाटतो रे." कंडेन्सर बदलले. कोरडा. पॉवर सप्लाय नवा घातला. कोरडाच. शेवटी मी वैतागून पॅनेलला एक भोक पाडलं, डब्यातला सगळ्यात देखणा काळा नॉब निवडून बसवला आणि खाली पांढऱ्या रंगात लिहिलं, 'ऊब'. वर बजावलं, "हलक्या हाताने हां भावोजी, नाजूक काम आहे."

त्यांनी डोळे मिटून नॉब अर्धा फिरवला. "आता कसं!" म्हणाले.

त्यानंतर बारा वर्षं एक तक्रार नाही. हा किस्सा सांगून मी गावभर माणसं हसवली आहेत. टायरवाल्याला तर चार वेळा सांगितलाय, चारही वेळा तो पाना खाली टाकून हसला. सांगितला नाही तो फक्त दोघांना, ताईला आणि भावोजींना.

गेल्या महिन्यात भावोजी मशीन छातीशी धरून दोन जिने चढून आले. टेबलावर ठेवलं, श्वास घेतला आणि म्हणाले, "ऊब गेली."

"गेली म्हणजे?"

"फिरवतो, काही होत नाही. सगळं उशीतून ऐकल्यासारखं येतंय."

मी चेहरा सरळ ठेवला. यात माझा हात धरणारा कोणी नाही. "झिजला असेल. दोन दिवस ठेवा."

दोन दिवस मशीन फडक्याखाली झाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी नॉब स्पिरिटने पुसून परत दिलं. खरं सांगायचं तर पूर्वीसारखी मजा आली नाही. हल्ली चष्मा कपाळावर चढवला तरी सोल्डरचे बारीक टाके दिसत नाहीत, पाठ संध्याकाळपर्यंत लाकूड होते, आणि थट्टासुद्धा अंगावर आलेल्या कामासारखी वाटते. भावोजी मशीन घेऊन परत आले. मी नॉब बदलून दिला. ते पुन्हा आले. या खेपेला स्टुलावर बसून स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले.

तेवढ्यात ताईचा फोन. मी उठून जिन्यात गेलो.

"अरे, काल तालमीत ह्यांच्या वादळाला नटांनी कानांवर हात ठेवले. इतकं कर्कश! आणि हे म्हणतात, अजून वर चढत नाहीये. दिग्दर्शक म्हणाला, शुक्रवारच्या प्रयोगात असं झालं तर मी लॅपटॉपवरून वादळ लावीन. घरी बसवतील रे ह्यांना. तू त्या नॉबात नीट लक्ष घाल की."

"घालतो," म्हणालो. जिन्यातच दोन मिनिटं टेकलो.

आत येऊन भावोजींच्या कानांवर हेडफोन चढवला. "मशीन तपासतोय. आवाज आला की बोट वर करा." खालचे सूर लावले, बोट टुणकन वर. मधले लावले, वर. मग एकेक पायरी बारीक सुराकडे गेलो. एका जागी बोट अडखळलं. त्याच्या पुढच्या तीन पायऱ्यांना ते गुडघ्यावरच राहिलं. मी आवाज वाढवला. टेबलाच्या या बाजूला मला हेडफोनमधून किंचाळी ऐकू येत होती.

"पुढचा लाव की," भावोजी म्हणाले. "थांबलास काय?"

माझ्या मनात आलं, आता खरीच वायर जोडावी. जो बारीक आवाज यांना ऐकू येत नाही तो त्या नॉबवर दुप्पट करावा. यांना ऊब मिळेल, मी सुटेन. आणि शुक्रवारी हॉलमधली माणसं कान दाबून बाहेर पळतील.

मी हेडफोन काढून घेतला. "भावोजी, मशीन ठणठणीत आहे."

"मग ऊब?"

मशीन उलटं केलं, चार स्क्रू काढले आणि दाखवलं. ते वाकून बराच वेळ बघत होते.

"याची वायर कुठाय?"

"नव्हतीच."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"नालायका," ते म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. मी चप्पल अंगावर यायची वाट बघत होतो. ती आली असती तर बरं झालं असतं. "मग इतकी वर्षं मी काय ऐकत होतो?"

"काय माहीत. पण ऊब फिरवली की तुम्ही जीव कानात आणून ऐकायचात आणि बाकीचे नॉब बरोब्बर जागी लावायचात. वादळं झकास व्हायची, हे खोटं नाही."

ते हेडफोनकडे बोट करून म्हणाले, "मघाशी तू पुढचा लावलाच नाहीस, का लावला होतास?"

"लावले होते. तीन."

"हं."

मी म्हणालो, बारीक सूर कमीजास्त करणाऱ्या फिल्टरच्या नॉबवर रंगाची रेघ मारून देतो, तिच्या पुढे जायचं नाही.

"रेघ काय कामाची? हॉल भरलेला असला की एक, रिकामा असला की दुसरं. नट हळू बोलला की तिसरंच." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तू ये. माझ्या शेजारी बस. जास्त झालं की कोपराला टोच."

"रोज?"

"नाही जमत म्हण, मशीन इथंच सोडून जातो."

दिग्दर्शकाला त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. त्याने खांदे उडवले. "प्रेक्षकांचे कान दुखले नाहीत म्हणजे झालं."

शुक्रवारी मी हॉलमध्ये मागच्या टेबलाशी त्यांच्या शेजारी बसलो. वादळ चढायला लागलं, मी कोपराला टोचलं, त्यांचा हात तिथल्या तिथे थांबला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोणी कानांवर हात नेले नाहीत.

आता रोज प्रयोग चालू आहेत. दिवसभर टेबलावर वाकायचं आणि संध्याकाळी त्या कडक खुर्चीत तेच वादळ ऐकायचं. संवाद मला पाठ झालेत. कोणाची खोडी काढायला अंगात त्राण उरत नाही, टायरवाला विचारतो, तब्येत बरी आहे ना?

काल मध्यंतरात भावोजींनी विचारलं, "वादळ कसं होतं?"

"शेवटी जरा टोचत होतं."

"मग मला का नाही टोचलंस?"

"डुलकी लागली होती. टोचलं तेव्हाच जाग आली."

"वादळात?"

"वादळातच."

भावोजींनी थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि माझ्यापुढे सरकवला. "पी मुकाट्याने. दुसऱ्या अंकात आगगाडी आहे."